बाद गडी

“मॅडम, तुमचं हे यंत्र आमच्यातल्या एका तरी पोरीला शिवून दाखवेल का?”

प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर कस्तुरी बिराजदारच्या लक्षात आलं, की आपण तो खरोखरच विचारला. कोरेवाडी हायस्कूलच्या हॉलमधली चारशे पोरं एकदम गप्प झाली. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांनी मान वळवून असं काही पाहिलं, की उद्या शाळेचा दाखलाच हातात. आणि मागं महेक मुल्ला आणि पूनम यमगर एकमेकींच्या ओढणीत तोंड खुपसून खदखदत होत्या. पैज त्यांचीच होती. “नुसती मैदानावरच वाघीण हायस तू,” पूनम म्हणाली होती. “हॉलमध्ये विचारून दाखव, मग मानते.”

गंमत अशी, की वर्षभरापूर्वी ही पोरगी हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायलाही लाजायची. नववीत ती हजारे सरांच्या खो-खो संघाची कॅप्टन झाली, जिल्ह्यात पहिला नंबर घेऊन आली, आणि तेव्हापासून तिच्या गळ्याला जणू कुणी कर्णा बसवला.

व्यासपीठावर पुण्याच्या एका कंपनीतल्या सबनीस मॅडम उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी वासराएवढं, चार पायांचं एक यंत्र. पहाऱ्यासाठी आणि लढाईसाठी यंत्रं बनवणारी ती कंपनी. गावाबाहेरच्या माळावर सोलर पार्क उभा राहत होता, त्याच्या राखणीचं काम त्यांना मिळालं होतं, म्हणून शाळेत भाषण. मॅडम रागावल्या नाहीत. हसल्या. “चल मैदानावर,” म्हणाल्या.

नऊ मिनिटं, म्हणजे खो-खोचा अख्खा डाव, ते यंत्र कस्तुरीच्या मागं पळालं. तिनं त्याला खांबाभोवती फिरवलं, हुलकावण्या दिल्या, एकदा तर त्याच्या नाकासमोर उभं राहून वेणी नीट केली. जड धूड, वेगात आलं की वळताच यायचं नाही त्याला. शेवटी बॅटरी संपली आणि ते मैदानाच्या मधोमध फतकल मारून बसलं. पोरांनी शिट्ट्या मारून आभाळ डोक्यावर घेतलं.

“मग तुम्ही कशा पकडता एकमेकींना?” मॅडमनी विचारलं.

कस्तुरी धापा टाकत म्हणाली, “आम्ही पकडत नाही मॅडम. आम्ही बसतो.”

मॅडमनी पर्समधून छोटी वही काढली. आपलं बोलणं एक मोठं माणूस लिहून घेतंय हे बघून कस्तुरीची छाती अशी फुगली, अशी फुगली! पुढं कितीतरी दिवस तिला तो क्षण आठवायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, तेव्हाच जीभ चावून गप्प बसायला हवं होतं.

*

झुंडीनं काम करणारी यंत्रं तेव्हा काही नवलाईची राहिली नव्हती. पण सगळ्यांची रड एकच. झुंडीतलं प्रत्येक यंत्र बाकीच्या प्रत्येकाशी रेडिओवरून सतत बोलत राहायचं: मी इथं आहे, तू कुठं आहेस, चोर तिकडं गेला. या बडबडीतच निम्मी बॅटरी संपायची. शिवाय कुणी त्या लहरींमध्ये मुद्दाम गोंगाट मिसळला, की अख्खी झुंड बहिरी.

खो-खोत आठ जणी गप्प बसतात, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. पाठलागाला पळते एकटीच. तिनं एकदा दिशा धरली की मागं फिरायचं नाही आणि मधली रेषा ओलांडायची नाही. पळणारा गडी रेषेपलीकडं गेला, की पलीकडं तोंड करून बसलेलीच्या पाठीवर थाप द्यायची: खो! मग ती पळणार, आणि थाप देणारी तिच्या जागेवर बसणार.

तिघींनी हेच यंत्रांना शिकवायचं ठरवलं. राज्य पातळीवर शाळांची रोबॉट-झुंज स्पर्धा असायची. सबनीस मॅडमनी फॉर्म पाठवून दिला. भाकरीच्या टोपलीएवढी नऊ यंत्रं बनवायची. बसलेलं यंत्र झोपलेलंच असणार. पळणारं यंत्र त्याच्या पाठीवर तीन ठोके देणार आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरातून सांगणार, की गडी किती लांब आहे आणि किती जोरात पळतोय. रेडिओ नाहीच, मग गोंगाट मिसळणार कशात? झोपलेल्या यंत्राला ठरवायचं काहीच नसतं, म्हणून त्याला मुंगीएवढा मेंदू पुरतो. इतकी साधी गोष्ट, पण कुणाला सुचली नव्हती, कारण रोबॉट बनवणारी माणसं बहुतेक खो-खो खेळलेली नव्हती!

काम चालायचं कस्तुरीच्या पप्पांच्या दुकानात. ते जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून द्यायचे. वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, आणि मधल्या फरशीवर तिघी पसरलेल्या. पूनमचे हात सोन्याचे. तिनं हात लावला की बंद पडलेलं काहीही फिरायला लागायचं. महेक कोड लिहायची. आणि कस्तुरी एका दोनशेपानी वहीत खेळाचे नियम लिहायची, एक, दोन, तीन करत, अगदी पंचाच्या थाटात.

सातव्या नियमाशी महेक अडली.

“समोरच्या यंत्राला शिवलं, शॉक बसला, ते बाद झालं. मग बाद झालेल्यांची यादी ठेवायची का? मेमरी लागेल गं.”

“यादी कशाला?” कस्तुरी म्हणाली. “बाद झाला की गडी आपल्या पायानं बाहेर जातो. आत कोण बसून राहतंय?”

“आणि गेलाच नाही तर?”

“ए बाई, तुला पाच वर्षांत कुणी बाद होऊन मैदानात थांबलेलं दिसलंय का? हजारे सर कान धरून बाहेर काढतील!”

पूनम पक्कड हलवत हसली. “हिला एकदा बाद केलं होतं तर रडत थांबली होती, आठवतंय का? सरांनी उचलून नेलं.”

“तिसरीत होते मी!”

कस्तुरीनं वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘नियम ७. बाद झालेला गडी मैदानात नसतो. मैदानात जो हलतो, तो खेळतो.’ वाक्य तिला इतकं आवडलं की खाली दोन रेघा मारल्या. आठवा नियम होता पंचाच्या शिट्टीचा. शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. त्यासाठी प्रत्येक यंत्राला कान म्हणून एक बारकासा माईक बसवला.

नागपूरच्या स्पर्धेत बाकीच्यांची यंत्रं म्हणजे एकेक रेडा. कुणाला करवत, कुणाला घण. आणि यांच्या नऊ टोपल्या. पहिल्यांदा लोक हसले. मग त्या रेड्यांना कळेना की आपल्यावर चालून येणारी नेमकी कोण. समोरचीला धडक द्यायला जावं तर ती बसलेली, आणि बाजूनं दुसरीच येऊन शिवून गेलेली. शिवलं की यंत्र बंद पडायचं, पंच ते उचलून रिंगणाबाहेर ठेवायचे आणि पुढचं आत सोडायचे. अंतिम फेरी चार मिनिटांत संपली. पूनमनं तिथंच स्टेजवर फुगडी घातली, एकटीनं.

*

जानेवारीत सबनीस मॅडम पुन्हा आल्या. कंपनीला ही पद्धत हवी होती. कागदांवर शोध लावणाऱ्या म्हणून तिघींची नावं असणार होती, सगळ्यात वर कस्तुरीचं. शिवाय दहावीनंतर तिघींना पुण्याच्या एका निवासी विज्ञान संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून कंपनी शिफारस करणार होती. तिथं दरवर्षी राज्यातली चाळीसच मुलं घेत. कस्तुरी अल्पवयीन, म्हणून सही पप्पांनी केली. आधी साबणानं दोनदा हात धुतले, तरी कागदावर वार्निशचा पिवळा डाग पडलाच.

मार्चमध्ये परीक्षा संपल्या संपल्या मॅडमनी त्यांना चाचणीचा व्हिडिओ दाखवला. दुकानातच, लॅपटॉपवर. कंपनीच्या कुंपणातलं मोकळं मैदान, तिथं एक भटकं कुत्रं शिरलेलं. नऊ यंत्रं, आता काळ्या कवचाची, देखणी. पहिलीनं शिवलं. शॉकनं कुत्र्याचे मागचे पाय गेले, ते पडलं. माणूस किंवा जनावर मरावं इतका तो शॉक नव्हता. काही सेकंद स्नायू बधिर व्हावेत इतकाच.

कुत्रं उठायला लागलं. दुसरी आली, शिवून गेली. ते पुन्हा पडलं. पुन्हा मान उचलली. तिसरी आली.

“ए,” महेक हळूच म्हणाली, “ते बाद झालंय की.”

“याला आम्ही चिकाटी म्हणतो,” सबनीस मॅडम म्हणाल्या. “बाकी कंपन्यांची यंत्रं एकदा शिवून थांबतात. तुमची थांबत नाहीत. खरेदी करणाऱ्यांना हेच सगळ्यात आवडलंय.”

“शिट्टी वाजवली तर थांबतील ना?” पूनमनं विचारलं.

“शिट्टी काढली आम्ही. चोरसुद्धा शिट्टी वाजवेल, नाही का? दर दोन तासांनी त्या चार्जिंगच्या खांबाशी येतात. तिथंच थांबवायच्या.”

पडद्यावर कुत्रं हलायचं थांबलं आणि व्हिडिओही तिथंच संपला.

कस्तुरीला कळलं होतं. ही चिकाटी नव्हती. तो नियम सात होता, दोन रेघांसकट. यंत्रांना वाटत होतं, की प्रत्येक वेळी नवा गडी मैदानात उतरतोय. त्या संध्याकाळी तिनं मॅडमना मेल लिहिला. ‘आमची एक चूक राहिली आहे. बाद झालेल्याची नोंद ठेवायला हवी, आणि शिट्टीसारखं काहीतरी पाहिजेच.’ तीनदा वाचला. मग तिला वाटलं, प्रवेशाची यादी सोमवारी लागणार आहे. आत्ताच ‘आमची चूक’ म्हटलं तर? सोमवारी पाठवू.

सोमवारी यादी लागली. तिचं नाव होतं, पूनमचं आणि महेकचंही. आईनं बेसनाचे लाडू केले, शाळेनं फलक लिहिला, हजारे सरांनी चक्क पाठीवर थाप मारली. मेल तसाच राहिला.

*

माळावरच्या सोलर पार्कात रोज सकाळी पंधरा बायका काचा धुवायला जायच्या. ऊन तापायच्या आत धुणं आटपायचं, अकराला सगळ्यांनी बाहेर पडायचं, फाटकावर पूनमचे वडील दत्तूआप्पा माणसं मोजणार आणि मग चार्जिंगच्या खांबापाशी जाऊन यंत्रं चालू करणार. आप्पांना या कामाचा भारी अभिमान. भेटेल त्याला सांगायचे, “माझ्या पोरीनं बनवल्यात ह्या. मी नुसता राखणदार. खऱ्या राखणदारिणी ह्याच नऊजणी.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी आप्पांनी पंधरा बायका मोजल्या. बरोबर पंधरा. यंत्रं चालू केली. त्यांतली मालन शेंडगे अर्ध्या वाटेवरून मागं फिरली, कारण चपला आत राहिल्या होत्या आणि रस्ता तापला होता. फाटकावरून जायचं तर आप्पा ओरडणार, म्हणून ती ओढ्याच्या बाजूनं, कुंपणाखालच्या घळीतून आत गेली.

साडेअकरा वाजता, भर उन्हात, ती काचांच्या दोन रांगांमध्ये पडली. फाटकापासून दोनशे पावलांवर. आप्पांनी बघितलं. केबिनमधलं लाल बटण दाबलं. पण यंत्रांना रेडिओच नव्हता, बटणाचं ऐकणार कोण? ते आत धावले. पंचवीस पावलांवर एकीनं त्यांच्या हाताला शिवलं, ते तसेच मागं पळाले आणि फाटकाबाहेर कोलमडले, उजवा हात लुळा. तिथूनच ते ओरडत राहिले.

चार्जिंगची वेळ होईपर्यंत मालन शेंडगे गेली होती.

दोन दिवसांनी कंपनीचं पत्रक आलं. मृत महिलेचं हृदय आधीच कमजोर असावं, यंत्रांनी तिला एकदाच स्पर्श केला, आणि पहारेकऱ्यानं माणसं न मोजताच यंत्रणा चालू केली. त्याच संध्याकाळी पोलीस दत्तूआप्पांना घेऊन गेले.

*

पूनम शाळेच्या मैदानावर यायची थांबली. पाचव्या दिवशी कस्तुरी तिच्या घरी गेली. पूनम दारातल्या नळावर बादली लावून बसली होती. केस विंचरलेले नव्हते.

“आईला घेऊन गेलीये मामी, पोलीस स्टेशनात,” ती म्हणाली. “बस की.”

कस्तुरी पायरीवर बसली. काय बोलायचं ते सगळं रस्त्यात पाठ केलं होतं, ते कुठंतरी गळून गेलं.

“काल भेटू दिलं आप्पांना,” पूनम म्हणाली. “जेवत नाहीत. एकच सांगतात सारखं. म्हणतात, मीच तिला ऊठ म्हणालो.”

“म्हणजे?”

“ती पडली होती ना. हे बाहेरनं ओरडत होते, मालन, ऊठ, बाहेर ये, ऊठ! ती बिचारी आवाज ऐकून उठायला बघायची. हात टेकला की एक यायची. पडायची. हे परत ओरडायचे. परत उठायला बघायची.” बादली भरून पाणी वाहायला लागलं होतं, तिचं लक्ष नव्हतं. “एकदाच शिवलं म्हणतात कंपनीवाले. आप्पांनी सतरापर्यंत मोजलं. नंतर डोळे मिटून घेतले.”

पडून राहिली असती तर वाचली असती. ‘हलू नको’ एवढे दोन शब्द. ते आप्पांना कुणी सांगितले नव्हते. सांगू शकणारं माणूस सगळ्या गावात एकच होतं, आणि त्या वेळी ते पुण्याला न्यायच्या ट्रंकेला कुलूप शोधत बाजारात फिरत होतं.

पूनमनं मान वर केली. “तू नियम लिहिले होतेस. त्या अशा का वागल्या गं? काहीतरी बिघडलं असेल ना? पुण्यात उघडल्या तेव्हा काही उलटंसुलटं जोडलं असेल?”

कस्तुरीनं तोंड उघडलं. ज्या गळ्यानं चारशे पोरांसमोर मॅडमना आव्हान दिलं होतं, त्यातून कसाबसा एक शब्द आला.

“असेल.”

“हां. तसंच असणार,” पूनम म्हणाली आणि नळ बंद केला.

त्या रस्त्यावरून घरी येताना कस्तुरीला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. चिडणं, रडू येणं, भीती, हे सगळं तिला माहीत होतं. हे वेगळंच होतं. जिभेवर सतत काहीतरी ठेवल्यासारखं, थुंकता न येणारं.

*

तिनं सबनीस मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला.

“मी तुझ्याच फोनची वाट बघत होते, बाळ. जेवतेस ना नीट?”

“मॅडम, ते हृदयाचं खरं नाहीये. तो नियम सात आहे. त्या तिला दरवेळी नवा गडी समजल्या.”

मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, “आम्हाला माहीत आहे. नव्या यंत्रांमध्ये आम्ही ते दुरुस्त केलंय. पुन्हा असं होणार नाही, हा माझा शब्द.”

“मग चूक होती म्हणून सांगा ना. आप्पा सुटतील.”

“ते म्हणता येत नाही. सातशे ठिकाणी ही यंत्रं लागली आहेत, कस्तुरी. मी एकटी ठरवणारी असते तर…” त्या थांबल्या. “तू पंधरा वर्षांची आहेस. तुला कुणी विचारायलासुद्धा येणार नाही. जूनमध्ये पुण्याला ये. शिक. मोठी हो. मग यापेक्षा चांगली यंत्रं बनव.”

त्या खोटं बोलत नव्हत्या, हेच वाईट होतं. त्यांचा आवाज खरंच मायेचा होता.

सातशे ठिकाणं. आत्ता, या दुपारी, सातशे मैदानांत नऊ-नऊ जणी उन्हात गप्प बसल्या असतील, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. कस्तुरीच्या खेळाच्या. कोण कुठं चपला विसरलं असेल कुणास ठाऊक.

महेकला सांगितलं तेव्हा तिनं आधी दार लावून घेतलं.

“कोड माझ्या हातचा आहे,” ती कुजबुजली. “माझं नाव निघालं तर अब्बू मला बारावीपर्यंतसुद्धा शिकू द्यायचे नाहीत. मी तर तेव्हा विचारलं होतं तुला! यादी ठेवायची का म्हणून विचारलं होतं!”

“विचारलं होतंस.”

“मग?”

“मग काय? नियम माझ्या अक्षरात आहेत. मी लिहिलेलं वाचूनच तू केलंस.”

महेक रडायला लागली. “आणि कुत्र्याचा व्हिडिओ? तो आपण तिघींनी बघितलाय, कस्तुरे.”

“पूनमला तेव्हा कळलं नव्हतं. तुला थोडं कळलं होतं. मला सगळं कळलं होतं,” कस्तुरी म्हणाली. “मेल लिहिला होता मी. पाठवला नाही.”

महेकनं डोळे पुसले आणि अशी बघत राहिली, जणू समोर कुणी अनोळखी मुलगी बसलीय. “का?”

“यादी लागायची होती.”

बाहेर महेकची धाकटी बहीण दोरीवर उड्या मारत आकडे म्हणत होती. पंधरा, सोळा, सतरा. कस्तुरी उठली आणि चपला न घालताच घरापर्यंत आली. दारात पोचल्यावर पाय भाजल्याचं कळलं.

*

आई अंगणवाडीतून आली होती आणि ट्रंकेत टॉवेल रचत होती. पप्पा जेवायला बसले होते.

“हे बघ, चार टॉवेल पुरतील ना?” आई म्हणाली. “तिथलं पाणी जड असतं म्हणे, केस गळतात. तेल जास्त ठेवते.”

“आई, जरा थांब.”

आवाजात काहीतरी होतं. पप्पांनी घास खाली ठेवला.

कस्तुरी उभीच राहिली. तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. सातवा नियम. कुत्रं. मेल. पूनमला म्हटलेलं ‘असेल’. सांगताना ती रडली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

आई ट्रंकेच्या कडेवरच बसली. पप्पांनी ताट पुढं सारलं.

“कागदावर सही माझी हाय,” ते म्हणाले. “पोरीची चूक कशी होईल? मोठी मोठी शिकलेली माणसं होती त्यांच्याकडं. त्यांनी तपासायला नको?”

“पाहिजे होतं पप्पा. त्यांनी शिट्टी काढली, ती त्यांची चूक. तेही सांगणार आहे. पण कळून गप्प बसले मी.”

“कुणाला सांगणार?” आईचा आवाज चिरकला. “अगं, वकील उभे करतील ते. पेपरात नाव येईल. पोरीनं बाई मारली म्हणतील गावात. पुण्याचं तर गेलंच. आणि ती मालन… तू सांगून परत येणार आहे का ती?”

“नाही येणार.”

“दत्तूला सोडवायला दुसरा काही मार्ग काढू,” पप्पा म्हणाले. “वकील बघू. मी बोलतो चार लोकांशी. तू मध्ये पडू नको. जरा दम धर, निदान तुझं ॲडमिशन तरी…”

ते बोलता बोलता थांबले. आपण काय म्हणालो ते त्यांनाच ऐकू गेलं असावं.

कस्तुरीनं दप्तरातून दोनशेपानी वही काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

“आज दुपारी मी परत पूनमकडं गेले होते,” ती म्हणाली. “तिला सगळं सांगितलं. ती आत गेली आणि दार लावलं. माझ्याशी ती आता बोलेल असं मला वाटत नाही. मी तिच्यासाठी करत नाहीये, म्हणजे करतेय, पण ती परत बोलावी म्हणून नाही.”

तिनं श्वास घेतला.

“उद्या मालनकाकूंच्या मृत्यूच्या चौकशीचे जबाब घेणार आहेत, तालुक्याला, अकरा वाजता. मी नऊच्या एसटीनं जाणार आहे. ही वही आणि तो न पाठवलेला मेल, दोन्ही देणार आहे. आणि सातशे ठिकाणच्या पहारेकऱ्यांना सांगा म्हणणार आहे, की कुणी आत पडलं तर त्याला ऊठ म्हणू नका, पडून राहा म्हणा. हे आधी सांगणार, बाकीचं नंतर. पुण्याच्या संस्थेला नाही म्हणून कळवलंय मी, मघाशीच. मी अठराची नाही, म्हणून जबाब देताना तुमच्यापैकी एक जण शेजारी बसायला लागतं. आई येणार की पप्पा, ते तुम्ही ठरवा. जायचं मी ठरवलंय.”